चाकापासून इंजिनाकडे

इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांची ‘बाजा’ नावाची एक स्पर्धा असते. अमेरिकेत ती १९७६ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली आणि २००७ पासून आपल्याकडे इंदूरजवळच्या पिथमपूरला होऊ लागली. एका माणसाने चालवायची, खाचखळग्यांतून धावणारी गाडी मुलांनी स्वतः आखायची, स्वतः वेल्डिंग करून बांधायची आणि सगळ्यांसमोर पळवून दाखवायची. या स्पर्धेतला मला सगळ्यात आवडलेला नियम इंजिनाचा आहे. इंजिन सगळ्यांना सारखंच. कित्येक वर्षं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, ३०५ सीसीचं, १० अश्वशक्तीचं असे आणि त्याची ताकद वाढवायला मनाई असे. तरीही एक गाडी चढ सरळ चढून जायची आणि दुसरी निम्म्यावर धापा टाकायची. दहा घोडे दोघींकडे होते. फरक पडायचा तो ते घोडे जमिनीपर्यंत पोचवणाऱ्या वाटेत. कुणी महिंद्रा अल्फा या तीनचाकीची गिअरपेटी घेतलेली असायची, कुणी पट्ट्यावर चालणारी, गिअर आपोआप बदलणारी सीव्हीटी. कुणाचं गणित टायरच्या मापाशी जुळलेलं असायचं, कुणाचं नसायचं.

इंजिन आणि चाक यांच्यामधल्या या सगळ्या यंत्रणेला ड्राइव्हट्रेन म्हणतात. क्लच, गिअरपेटी, चेन किंवा शाफ्ट, स्प्रॉकेट, एक्सल, बेअरिंग, हब आणि टायर हे सगळं त्यात आलं. टायरला मी मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण बहुतेक लोक तो धरतच नाहीत. माझ्या मते जुन्या गाडीची सुधारणा सुरू व्हायला हवी ती नेमकी तिथून.

हे सगळं पुन्हा मनात आलं ते भाच्यामुळे. तो ओहायोत राहतो. गेल्या वर्षी त्याने पंचवीस वर्षं वापरलेली एक एटीव्ही, म्हणजे रस्ता सोडून मातीत-वाळूत चालवायची हँडलची छोटी गाडी, विकत घेतली. होंडाची टीआरएक्स ४०० ईएक्स, १९९९ सालचं मॉडेल. रविवारी सकाळी त्याचा फोन आला. “मामा, गाडी चढावर दम तोडते. एक्झॉस्ट बदलू की कार्ब्युरेटर?”

मी म्हटलं, “अरे, आधी मागचं चाक जमिनीवरून उचल आणि हलवून बघ. मग बोलू.”

ही गाडी कुठल्या घराण्यातली, ते थोडक्यात सांगतो. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत फुग्यासारख्या टायरांची एक तीनचाकी गाडी आणली. बर्फात आणि चिखलात मोटरसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा हिवाळ्यात दुकानदारांनी विकायचं काय, या प्रश्नातून ती जन्मली. पुढे तीनचाकी गाड्या उलटून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. तोवर चारचाकी एटीव्ही आल्याच होत्या. त्यातली पहिली सुझुकीची, १९८३ च्या मॉडेलची. या चारचाकींत दोन जाती झाल्या. एक शेतातल्या कामाची, शाफ्टवर किंवा पट्ट्यावर चालणारी, चारही चाकांना ओढ देणारी. दुसरी खेळाची, हलकी, फक्त मागच्या चाकांवर आणि मोटरसायकलसारख्या चेनवर चालणारी. ४०० ईएक्स या दुसऱ्या जातीची. ३९७ सीसी, हवेने थंड होणारं इंजिन, पाच गिअर, हाताचा क्लच. यंत्र इतकं सरळ आहे की घरच्या पडवीत दोन शनिवार-रविवारांत तिची ड्राइव्हट्रेन उघडून पुन्हा नीट बसवता येते.

तर टायर. भाच्याच्या गाडीच्या आधीच्या मालकाने मागे २२ इंचांचे टायर बसवले होते. कंपनीतून ती २० इंचांच्या मागच्या टायरवर येते. दोन इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण २० इंचांचं चाक एका फेऱ्यात साधारण १ मीटर ६० सेंटिमीटर पुढे जातं, २२ इंचांचं १ मीटर ७५. म्हणजे इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात गाडी दहा टक्के जास्त लांब ढकलावी लागते आणि ताकद तर तेवढीच आहे. परिणामी चाकाच्या टोकाला मिळणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटते. पाठीवर पोतं घेऊन जिना चढताना पायऱ्या एकाएकी उंच केल्या तर जे होईल तेच या गाडीचं झालं होतं. सपाटीवर कळत नाही. चढावर आणि वाळूत लगेच कळतं.

टायरवर छापलेल्या मापावर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये. मोटरसायकलच्या टायरमध्ये तीस पीएसआयच्या आसपास हवा असते, एटीव्हीच्या टायरमध्ये चार-पाच. माणूस बसला की टायर दबतो आणि चाकाची खरी त्रिज्या कमी होते. म्हणून सपाट जमिनीवर टायरच्या बाजूला आणि त्याखाली जमिनीवर खडूची खूण करायची, कुणाला तरी गाडीवर बसवायचं, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकलायची आणि टायरची खूण पुन्हा खाली आली की तिथे दुसरी खूण करून टेपने अंतर मोजायचं. चाकाचं खरं माप हेच आणि ते मिळवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. भाच्याने मोजलं तेव्हा १ मीटर ७० आलं. कंपनीचा टायरही असाच दबतो, म्हणून दोन्ही टायरांमधला दहा टक्क्यांचा फरक जवळजवळ तसाच राहतो.

यानंतर एक्सल. खेळाच्या एटीव्हीत मागे डिफरेन्शिअल नसतो. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच भरीव दांडा जातो, त्यामुळे दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात. मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं आणि आतलं कमी. इथे तसं होत नाही, कुठल्या तरी एका टायरला घासत वळावं लागतं. मातीत ते सहज होतं. डांबरावर टायर घासायला तयार नसतो आणि तो सगळा पीळ दांड्यावर, खाचांवर आणि बेअरिंगवर येतो. ही वाहनं रस्त्यावर न चालवण्याच्या कारणांपैकी हे एक मोठं कारण आहे, आणि जुन्या गाडीचा एक्सल अकाली का झिजला याचं उत्तरही पुष्कळदा इथेच सापडतं.

तपासणी हाताने होते. गाडीखाली भक्कम स्टँड लावायचे, नुसत्या जॅकवर कधीही काम करायचं नाही. मग चाक घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी धरून वर-खाली हलवायचं. दोन्ही चाकं मिळून एकत्र डुलत असतील तर एक्सल ज्या गोल घरात फिरतो त्यातल्या बेअरिंगला प्ले, म्हणजे सैलपणा, आलेला आहे. एकच चाक हलत असेल आणि दांडा स्थिर असेल तर त्या चाकाच्या हबच्या खाचा झिजल्या आहेत. चाक पुढे-मागे फिरवल्यावर ‘टक’ असा आवाज येऊन मगच दांडा हलायला लागत असेल तर तोच रोग आणखी पुढे गेलेला. हबच्या खाचांचा प्ले नट आवळून जात नाही. हब बदलावा लागतो, आणि दांड्याच्या खाचाही गेल्या असतील तर दांडाही.

बेअरिंगचं काम घरी करताना लोक सगळ्यात जास्त चुका करतात. नवं बेअरिंग आत बसवताना ठोका नेहमी बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर ठोकलं की तो धक्का गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगपर्यंत जातो, गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग बसवण्याआधीच जुनं होतं. त्याहून चांगली युक्ती म्हणजे ठोकायची वेळच येऊ न देणं. बेअरिंग रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं आणि बेअरिंगचं घर हीट गनने हाताला चांगला चटका बसेल इतकं तापवायचं. थंड बेअरिंग आकसतं, गरम घर प्रसरण पावतं आणि थोड्याशा दाबाने ते आत सरकतं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार ती लाल होईपर्यंत तापवतो आणि चढवल्यावर पाणी ओततो. त्याच विद्येचं हे लहान रूप. बेअरिंगबरोबर ऑइल सीलही नवं घ्यावं. सील स्वस्त असतं आणि ते गेलं की चिखलाचं पाणी आत. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुणाऱ्यांची बेअरिंगं लवकर जातात ती याचमुळे. पाण्याचा तो झोत सीलच्या ओठावर कधीही मारू नये.

दांडा जागेवर धरून ठेवणारे मोठे नट असतात, बहुधा एकावर एक आवळलेले. चेनचे झटके, ब्रेकचे झटके, उड्या यांनी ते ढिले होणं हे खेळाच्या एटीव्हींचं जुनं दुखणं आहे. तिथे थ्रेडलॉक लावावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क टॉर्क पान्ह्यानेच द्यावा, हाताच्या अंदाजाने नव्हे. नटापासून दांड्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. ही सवय मी विमानाच्या देखभालीत पाहिली आणि तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या नटावर रेघ ओढायला बाजाच्या मुलांना सांगत आलो.

आता चेन आणि स्प्रॉकेट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या सुधारणेचा गाभा इथेच आहे आणि सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

४०० ईएक्सला कंपनीतून पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, दातेरी स्प्रॉकेटला १५ आणि मागच्याला ३८ दात येतात. ३८ भागिले १५ म्हणजे २.५३. पुढचं स्प्रॉकेट अडीच फेरे फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. हा आकडा वाढवला की गाडीला ओढ मिळते आणि कमाल वेग कमी होतो. गॅरेजच्या भाषेत, पिकअप वाढतो आणि टॉप जातो. आकडा कमी केला की उलट. फुकट काही मिळत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं, एवढंच. पुढचा एक दात कमी करून १४ केले तर २.७१ होतं, म्हणजे ओढ सात टक्क्यांनी वाढते. हाच परिणाम मागच्या बाजूने साधायचा तर तिथे जवळपास तीन दात वाढवावे लागतील. म्हणून पुढच्या एका दाताला हलकं समजू नये.

भाच्याची गरज काय होती? मोठ्या टायरने नेलेली नऊ टक्के ओढ परत आणायची, म्हणजे हा भागाकार दहा टक्क्यांनी वाढवायचा. २.५३ ला १.१ ने गुणलं की २.७९ येतं. पुढे १४ आणि मागे ३९ घेतले तर भागाकार २.७९. इतका नेमका जुळणारा जोड क्वचित मिळतो. त्यात दुसरी एक गंमत आहे. १५ आणि ३८ मिळून ५३, १४ आणि ३९ मिळूनही ५३. दातांची बेरीज तीच राहिली की चेनची लागणारी लांबी जवळजवळ तीच राहते, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो ताण जुळवताना सहज सामावतो. म्हणजे कंपनीने सांगितलेल्या कड्यांचीच चेन चालते, कापाकापी नको.

तिसरी गोष्ट थोडी बारीक आहे, पण यंत्र आखणारी माणसं तिची कदर करतात. ३९ ही विषम संख्या आहे आणि चेनच्या कड्या जवळजवळ नेहमी सम असतात. त्यामुळे मागच्या स्प्रॉकेटवर झीज जास्त पसरते. १४ ला ३८ ची जोड दिली तर दोन्ही संख्या सम, आणि चेनच्या कड्याही सम. मग ठरावीक दात पुन:पुन्हा ठरावीक कड्यांनाच भेटत राहतात. एखादा दात किंवा कडी थोडी बिघडलेली असेल तर ती बिघाडी त्याच सोबत्यांवर उतरते.

मग पुढे आणखी लहान, १२ किंवा १३ दातांचं का घेऊ नये? चेन गोल फिरत नाही, ती कोनाकोनाने वळते. पुढचं स्प्रॉकेट खरं तर १४ बाजूंचा बहुकोन आहे. त्यामुळे इंजिन एकसारखं फिरत असलं तरी चेनचा वेग प्रत्येक दाताला किंचित वर-खाली होतो. १५ दातांना हा फरक २.२ टक्के, १४ ला २.५, १३ ला २.९. दात जितके कमी, तितके हिसके जास्त आणि प्रत्येक कडीला वळावं लागतं तो कोनही मोठा. झीज वाढते, आवाज वाढतो, शिवाय चेन स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचा एक्सल धरणाऱ्या हलत्या भुजेवरच्या, प्लास्टिकच्या पट्टीला जास्त घासते. म्हणून माझा नेम असा: पुढचा एक दात कमी करायला हरकत नाही, त्याहून जास्त ओढ हवी तर मागचे दात वाढवावेत.

चेनबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. चेन ‘ताणली गेली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन एका बुशमध्ये फिरते. ती दोघं घासून त्यांच्यामधला गाळा वाढतो. अशा प्रत्येक सांध्याची थोडी थोडी झीज एकत्र होऊन सगळी चेन लांब झाल्यासारखी दिसते. ४०० ईएक्सला ५२० मापाची चेन लागते. या आकड्यातला पहिला ५ म्हणजे पाच-अष्टमांश इंच, एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, १५.८७५ मिलिमीटर. आपल्याकडच्या दीडशे सीसीच्या अनेक मोटरसायकलींना ४२८ ची चेन असते, तिथे तेच अंतर चार-अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच. सर्वसाधारणपणे चेन दोन टक्के लांबली की ती संपली असं मानतात. ५२० मध्ये दोन टक्के म्हणजे प्रत्येक सांध्यात ०.३ मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी झीज, आणि चेन निकामी.

या पोस्टकार्डाच्या जाडीचं महत्त्व कळलं की तिन्ही भाग एकत्र का बदलायचे तेही कळतं. चेनचे सांधे लांब झाले की ती दातांच्या मुळाशी न बसता वर चढून बसते आणि दातांची टोकं वाकड्या आकड्यांसारखी घासून काढते. अशी जुनी चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवली तर ते नवं स्प्रॉकेट ती आपल्या मापाचं करून टाकते. नवी चेन जुन्या, आकडे झालेल्या दातांवर घातली तर तिचेही सांधे लवकर जातात. वाचवलेले पैसे काही महिन्यांत दुपटीने जातात. आपल्याकडे मेकॅनिक ‘चेनसेट’ म्हणून तिन्ही वस्तू एका खोक्यात विकतो. त्यात विक्रीची हुशारी आहे असं पुष्कळांना वाटतं, मला ते योग्यच वाटतं.

चेन ओ-रिंगची घ्यावी. तिच्या प्रत्येक सांध्यात कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं आणि रबराची छोटी रिंग ते आत कोंडून ठेवते. साध्या चेनला वाळू आणि पाणी सरळ पिनपर्यंत पोचतं. अट एवढीच, की ही चेन पेट्रोलने धुवायची नाही आणि तारेच्या ब्रशने घासायची नाही. रबर गेलं की ग्रीस गेलं. रॉकेल आणि मऊ ब्रश, मग कोरड्या फडक्याने पुसून गिअर ऑइलचा हलका हात. आणि हे करताना इंजिन बंद. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावताना बोटं स्प्रॉकेटमध्ये ओढली जातात. क्षणभरात होतं ते, आणि बोट परत येत नाही.

स्प्रॉकेटच्या धातूबद्दलही ठाम सांगतो. पुढचं नेहमी पोलादी. मागचं अॅल्युमिनियमचं मिळतं, हलकं असतं, दिसायला देखणं असतं. शर्यतीत ते शोभतं. घरच्या गाडीला पोलादीच घ्यावं, ते कितीतरी जास्त टिकतं. चेन जोडायच्या शेवटच्या कडीला क्लिप असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला यायला हवं. उलट बसवली तर एखादी काटकी अडकून ती उघडू शकते. रिव्हेट मारायचं अवजार असेल तर रिव्हेटची कडी त्याहून भरवशाची. पुढच्या स्प्रॉकेटमागे इंजिनच्या आवरणाचं रक्षण करणारी पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची ढाल बसवता येते, तीही बसवावी. चालती चेन तुटली की ती गोळा होऊन आवरणावर आदळते, आणि तिथे तडा गेला तर खर्च चेनचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

ताणाविषयी एक सूत्र लक्षात ठेवलं तर पुरे. मागचं चाक खड्ड्यातून वर येतं तेव्हा दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर बदलतं. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा खिळा आणि एक्सल एका ओळीत आले की ते अंतर सर्वांत जास्त होतं आणि चेन सर्वांत ताठ. म्हणून उभ्या गाडीवर चेन थोडी ढिली असावीच लागते, साधारण तीन-चार सेंटिमीटर वर-खाली हलेल इतकी. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. फार ढिली चेन आवाज करते, निसटूही शकते. जास्त आवळलेली चेन गुपचूप गिअरपेटीचं बेअरिंग खाते, आणि ते बदलायला सगळं इंजिन उघडावं लागतं.

एवढं झाल्यावर क्लच. ओढ वाढवली म्हणून क्लचवर जास्त भार येतो असं नाही, उलट गाडी सहज निघू लागल्याने तो हलका होतो. पण पंचवीस वर्षांच्या क्लचची परीक्षा घ्यायलाच हवी. मोकळ्या जागी वरच्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम ॲक्सिलरेटर द्यायचा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच राहिली तर क्लच घसरतोय. तार नीट जुळवूनही घसरत असेल तर प्लेटा आणि स्प्रिंगा बदलायच्या. नव्या फायबर प्लेटा बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवाव्यात. आणि हा क्लच इंजिनच्याच तेलात भिजत फिरतो, म्हणून मोटारीचं तेल त्यात घालू नये. मोटारींच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. पिस्टनला ती बरी, क्लचला घसरवणारी. डब्यावर ‘जासो एमए’ असं जपानी मानक लिहिलेलं मोटरसायकलचं तेलच घ्यावं.

पट्ट्यावर चालणाऱ्या एटीव्हींचं काय, हे कुणी विचारेल. त्यांचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरात बिनगिअरची स्कूटर फिरते आहे. तिच्यात व्हेरिएटर असतो. वेग वाढला की आतले रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो, म्हणजे गिअर आपोआप बदलतो. अमेरिकेतल्या पोलारिस कंपनीने १९८५ च्या आपल्या पहिल्या एटीव्हीपासून पट्ट्याचीच वाट धरली. तिथे मोठे टायर लावले तर दात बदलायची सोय नाही. फेकली जाणारी वजनं आणि त्यांना रोखणारी स्प्रिंग बदलून गाडी किती फेऱ्यांवर उचलेल हे ठरवावं लागतं. पण सुरुवात तिथेही पट्ट्याची रुंदी मोजण्यापासून. झिजून अरुंद झालेल्या पट्ट्यावर महागडी किट बसवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. वजनांचं गणित चेनइतकं सरळ कागदावर सुटत नाही, चालवून, उघडून, पुन्हा चालवून जुळवावं लागतं.

सावधगिरीची एक गोष्ट सांगायलाच हवी. ओढ वाढवलेली गाडी चढावर पुढची चाकं लवकर उचलते. पूर्वी जिथे ती दमून थांबायची तिथे आता ती मागे उलटू शकते. मोठ्या टायरने उंचीही वाढवलेली असते. म्हणून काम झाल्यावर पहिला दिवस सपाट मोकळ्या जागी, हेल्मेट घालून, आणि हात बसेपर्यंत चढ नको. मोठ्यांची गाडी मुलांच्या हातात द्यायची नाही, मुलं कितीही शहाणी असली तरी.

अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्ही पाहतो तेव्हा माझी नजर आधी चेनकडे जाते. खारी वाळू आणि ओलसर हवा यांच्याइतकं चेनचं आणि बेअरिंगचं वैरी दुसरं काही नाही. त्या गाड्या चालवून पोट भरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की संध्याकाळी शेवटची फेरी झाली की गोड्या पाण्याने, जोराच्या झोताने नव्हे, चेन धुवावी, पुसावी, तेल लावावं. दहा मिनिटांचं काम आहे. मागे बसलेलं कुणाचं तरी मूल त्या चेनवर आणि त्या एक्सलवर विसंबून असतं.

भाच्याच्या गाडीच्या डाव्या हबच्या खाचा झिजलेल्या निघाल्या, बेअरिंगला प्ले होता, चेन तीन टक्के लांबलेली होती. हब, दोन बेअरिंगं, सीलं, १४ आणि ३९ दातांची पोलादी स्प्रॉकेटं, ओ-रिंगची चेन आणि क्लचच्या प्लेटा बदलल्या. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरला हात लावला नाही. तो चढ ती आता दुसऱ्या गिअरमध्ये चढते.

तुमच्याकडे चेनवर चालणारं कुठलंही वाहन असेल, एटीव्ही असो वा मोटरसायकल, तर नवी चेन बसवाल त्या दिवशी ती ताणून धरा, पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा आणि आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. ५२० च्या चेनला तो ३१७.५ मिलिमीटर असेल, ४२८ च्या चेनला २५४. पहिल्या वापरानंतर ताण आणि नट पुन्हा तपासा, मग दर महिन्याला माप घ्या. ५२० ची चेन ३२४ ला आणि ४२८ ची २५९ ला पोचली की नवा चेनसेट आणा.